ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणातील खर्जाचा प्रश्न : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक समीक्षा

प्रास्ताविक

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत निघते. तिची सुरुवात मात्र डोंबिवलीत, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने झाली. पुढे ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून आणि कल्याणातही अशा यात्रा निघू लागल्या. टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव व दहीहंडी, दुर्गाडी किल्ल्यावरील देवीचा उत्सव, दिवाळीच्या पहाटे तलावपाळी, राम मारुती रोड व फडके रोड येथे जमणारी तरुणाई हे सर्व प्रसंग स्वरूपाने भिन्न असले, तरी मोठ्या आवाजाचे, उघड्या जागेतील आणि गर्दीच्या मध्यभागी घडणारे वादन हा त्यांतील समान धागा होय. ढोल-ताशा पथक असो, बेंजो पार्टी असो किंवा रंगमंचावरील वाद्यवृंद असो, श्रोत्याच्या छातीवर आदळणारा खर्ज हा त्या अनुभवाचा गाभा असतो.

या वादनाचे ध्वनिमुद्रण आज जेवढ्या प्रमाणावर होते तेवढे पूर्वी कधीही झाले नव्हते. प्रत्येक श्रोत्याच्या हातात मुद्रणाचे साधन आहे. मंडळांचे व पथकांचे स्वतंत्र छायाचित्रणकार असतात. महाविद्यालयेही आपल्या स्नेहसंमेलनांचे व महोत्सवांचे मुद्रण जतन करतात. तथापि ही मुद्रणे ऐकताना एक ठळक विसंगती जाणवते. ज्या ढोलाने रस्ता हादरवला, तोच ढोल मुद्रणात एक तर पत्र्याच्या डब्यासारखा कोरडा वाजतो, नाही तर ‘फट् फट्’ असा फाटतो. ज्याला प्रत्यक्ष वादन ठाऊक नाही अशा श्रोत्याला केवळ या मुद्रणावरून ढोल म्हणजे काय याची कल्पना येणार नाही.

संगीतसमीक्षेने हा प्रश्न बहुतांशी ‘तांत्रिक बाब’ म्हणून बाजूला ठेवला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, खर्जाचे नियोजन हा केवळ यंत्राचा प्रश्न नसून वादनाचा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे. मुद्रणाची कसोटी ‘खर्ज किती आहे’ ही नसून ‘खर्ज वाजत असताना बाकीचे किती ऐकू येते’ ही असावयास हवी. या कसोटीवर प्रचलित मुद्रणपद्धतींचे परीक्षण करणे हा लेखाचा हेतू आहे.

वादनातील खर्जाचे स्थान

ढोल हे दोन तोंडांचे वाद्य आहे. कमरेला बांधलेल्या ढोलाच्या एका पानावर टिपरू पडते, तर दुसऱ्या पानावर हाताची थाप. टिपऱ्याचा आवाज टोकदार व स्पष्ट असतो. थापेचा आवाज खोल असून तो घुमतो. या घुमाऱ्याची मुख्य शक्ती साधारणपणे १०० हर्ट्झच्या मागेपुढे व त्याखाली असते. याउलट ताशाची तर्री हजारो हर्ट्झच्या प्रदेशात कडाडते. झांज त्याहून तीक्ष्ण, तर टोलाचा ठोका या सर्वांच्या मध्ये उभा राहतो.

पथकाच्या वादनाची रचना या स्तरांवर उभी असते. ताशा पुढाकार घेतो, वळणे सुचवतो, चाल बदलतो. ढोल त्याला उत्तर देतो. ढोलाच्या आतही टिपरू आणि थाप यांचा संवाद चालू असतो. एकच ‘हात’ दोन पथके वाजवतात तेव्हा फरक पडतो तो पुष्कळदा थापेच्या जागेत व तिच्या वजनात. थाप नेमक्या मात्रेवर पडते की किंचित मागे रेलते, पन्नास ढोलांच्या थापा एकत्र मिटतात की विस्कटतात, या गोष्टींवर पथकाचा दर्जा ठरतो. म्हणून खर्ज हा येथे आवाजाला चढवलेला साज नव्हे. तो आशयाचा निम्मा भाग आहे, आणि मुद्रणात सर्वांत आधी नष्ट होणारा भागही तोच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खर्ज हरवण्याची तक्रार नवी नाही. फ्रेड गायसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यात भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा वीज व मायक्रोफोन यांचा त्या प्रक्रियेशी संबंध नव्हता. गायक कर्ण्याच्या तोंडाशी गात असे आणि आवाजाच्या दाबानेच मेणाच्या तबकडीवर सुई हलत असे. या यांत्रिक पद्धतीत मंद्र ध्वनी जवळजवळ उमटत नसत. पाश्चात्त्य वाद्यवृंदात डबल बेसच्या जागी ट्यूबा वाजवण्याची तडजोड याच कारणाने रूढ झाली. १९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रण आले आणि खर्जाला प्रथमच तबकडीवर जागा मिळाली. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांची शतकाच्या आरंभीची मुद्रणे आणि १९३० च्या दशकातील मुद्रणे यांच्यामध्ये हे तांत्रिक स्थित्यंतर उभे आहे. दोहोंची तुलना करताना गायकीइतकाच यंत्राचाही विचार करावा लागतो, तो यामुळेच.

पुढील टप्पा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तबकडीवर खर्ज पूर्ण शक्तीने कोरल्यास खाच इतकी रुंद होते की शेजारच्या खाचेत शिरण्याचा धोका निर्माण होतो. यावर उपाय म्हणून खर्ज कोरतानाच ठरावीक प्रमाणात कमी करावयाचा आणि वाजवताना तेवढ्याच प्रमाणात वाढवावयाचा, असा संकेत रूढ झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रमाण ठरलेल्या ‘आर. आय. ए. ए.’ वक्रात २० हर्ट्झला हे प्रमाण १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल एवढे आहे. मुद्रणाच्या वेळी साधनाच्या मर्यादेत राहण्यासाठी खर्ज आवरता घेणे म्हणजे त्याच्याशी बेइमानी करणे नव्हे, हा धडा लाँगप्ले तबकडीने अर्धशतकापूर्वीच दिलेला आहे. आजच्या मुद्रणकारांना तो बहुधा नव्याने शिकावा लागतो.

आवाज कोठे फाटतो

ध्वनियोजना सांभाळणाऱ्या मंडळींच्या बोलीत ‘आवाज फाटला’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. साधनाच्या क्षमतेपलीकडे ध्वनी गेला की त्याच्या लहरीचा माथा छाटला जातो. गोलाकार लहरीचे सपाट पठार होते. या छाटणीतून मूळ वादनात नसलेले स्वरांश निर्माण होतात. ८० हर्ट्झची थाप दोन्ही बाजूंनी सारखी छाटली गेली तर २४०, ४००, ५६० हर्ट्झ असे विषम पटीचे अंश तीत मिसळतात. खोल थापेला ‘फट्’ असा चिरका आवाज येतो, तो यामुळे.

याहून गंभीर परिणाम दुसराच आहे. खर्जाची लहर मोठी व संथ असते. ताशाच्या लहान व वेगवान लहरी जणू तिच्या पाठीवर स्वार झालेल्या असतात. खर्जाचा माथा छाटला जातो त्या क्षणी त्यावरील ताशाही कापला जातो. म्हणजे प्रत्येक थापेबरोबर काही हजारांश सेकंद ताशा मुद्रणातून नाहीसा होतो. खर्जाने केवळ खर्ज बिघडत नाही. तो वरच्या सर्व स्तरांना सोबत घेऊन बुडतो. ढोल व ताशा यांचा संवाद ज्या क्षणी ऐकावयाचा, नेमका तोच क्षण पुसला जातो.

हे फाटणे साखळीतील तीन ठिकाणी घडू शकते. पहिले ठिकाण मायक्रोफोन व त्याच्या आतील सूक्ष्म विवर्धक. भ्रमणध्वनीतील मायक्रोफोन सामान्यतः १२० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून थोड्या वरच्या पातळीवर विकृत होऊ लागतात. ध्वनिमुद्रकाच्या खाचेतून मिळणाऱ्या दोन-तीन व्होल्टवर चालणारे छोटे इलेक्ट्रेट मायक्रोफोन त्याहूनही आधी दम सोडतात. त्यांना ९ किंवा १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरीपेटी जोडली तर त्यांची सहनशक्ती वाढते, हे मैफलींचे मुद्रण करणाऱ्यांच्या अनुभवाचे सार आहे. दुसरे ठिकाण मुद्रकाचा माईक-विवर्धक. मोठ्या आवाजासाठी ‘माईक’ ऐवजी ‘लाइन’ खाच वापरली की हा टप्पा टळतो. तिसरे ठिकाण ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारी यंत्रणा.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदवणे आवश्यक आहे. पडद्यावरील पातळीदर्शक लाल रेषेच्या खाली आहे, म्हणून मुद्रण सुरक्षित आहे असे मानले जाते. परंतु पातळीदर्शक तिसऱ्या टप्प्याची स्थिती दाखवतो. आवाज पहिल्याच टप्प्यावर फाटला असेल तर पुढील नियंत्रक कितीही खाली आणला तरी फाटलेला आवाज फक्त हळू होतो. तो सांधला जात नाही. २०१९ च्या सुमारास हाती धरण्याजोग्या मुद्रकांत ‘३२ बिट फ्लोट’ पद्धती उपलब्ध झाली आणि तिसऱ्या टप्प्यावरील भय जवळपास संपले. मायक्रोफोनच्या मर्यादेला मात्र तिचा काहीही उपयोग नाही. नवे यंत्र घेतले म्हणजे प्रश्न सुटला, या समजुतीचे निराकरण यातून व्हावे.

यावरून एक साधा, पण समीक्षेला उपयुक्त असा भेद हाती येतो. सौम्य उताराच्या गाळणीने कमी केलेला खर्ज पुढे संस्करणात बऱ्याच अंशी परत आणता येतो. फाटलेला खर्ज परत आणता येत नाही. पहिल्यात आशय क्षीण होतो, दुसऱ्यात नष्ट होतो. अर्थात गाळणी फाटण्याच्या जागेच्या आधी हवी. मायक्रोफोनवरील किंवा बॅटरीपेटीवरील खर्ज कमी करणारी कळ ही पुढील टप्प्यांचे रक्षण करते. तीच गाळणी नंतर संगणकावर लावली तर ती केवळ फाटलेल्या आवाजाचा तळ काढून टाकते, वरची चिरफाड तशीच राहते.

जागा आणि अंतर

मुद्रणकाराचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे त्याचे पाय. मोकळ्या जागेत एका बिंदूतून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो. दोन मीटरवरून आठ मीटरवर गेल्यास १२ डेसिबलचा फरक पडतो. पथक हा बिंदू नसून रस्ताभर पसरलेला समूह असल्याने प्रत्यक्षात घट याहून कमी असते. तरीही तत्त्व तेच राहते. उलट बाजूने पाहता, पन्नास ढोल एका ढोलापेक्षा सुमारे १७ डेसिबलने मोठे वाजतात; मात्र पंचवीसांचे पन्नास केल्याने केवळ ३ डेसिबल वाढतात. पथकाची संख्या दुप्पट झाल्याने जेवढा आवाज वाढतो त्याहून अधिक तो मुद्रणकाराने पुढे सरकलेल्या दोन पावलांनी वाढू शकतो. फाटलेल्या मुद्रणाचा दोष ‘पथक फार मोठे होते’ या सबबीवर टाकता येत नाही, हे या साध्या गणितावरून दिसते.

मात्र दूर जाण्याचीही किंमत आहे. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. अशा लहरीला माणसांची गर्दी अडवू शकत नाही. ताशाच्या छोट्या लहरी मात्र गर्दी शोषून घेते व विखरून टाकते. परिणामी मागच्या रांगेत खर्ज पोहोचतो आणि तपशील पोहोचत नाही. फडके रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर भिंतींवरून परतणारे ध्वनी थापेची शेपूट लांबवतात व पुढच्या थापेत मिसळतात. म्हणून केवळ लांब जाणे पुरेसे नाही. माईक डोक्यांच्या वर नेणे, पथकाच्या ताशाच्या बाजूस उभे राहणे, चौकासारख्या मोकळ्या जागी पथक थांबते तेथे मुद्रण करणे, अशा निवडी कराव्या लागतात. रंगमंचावरील कार्यक्रमात खर्जाचे मोठे स्पीकर बहुधा जमिनीलगत डावी-उजवीकडे रचलेले असतात. त्या दोहोंच्या बरोबर मध्यरेषेवर त्यांचा खर्ज एकवटतो, थोडे बाजूला सरकल्यास तो काही वारंवारतांना एकमेकांत विरतो. मध्यावर उभे राहिले की आवाज ‘समतोल’ मिळतो, हा समज खर्जाच्या बाबतीत अपुरा आहे.

मायक्रोफोनच्या प्रकाराचाही येथे संबंध येतो. एका दिशेने ऐकणारे मायक्रोफोन ध्वनीच्या अगदी जवळ नेले की त्यांच्यात खर्ज कृत्रिमरीत्या फुगतो. सर्व दिशांनी ऐकणाऱ्या मायक्रोफोनमध्ये हा दोष नसतो. वाऱ्याचा भपका व हाताची हालचाल यांची शक्तीही प्रामुख्याने खर्जातच उतरते. तलावपाळीच्या किंवा उपवनच्या काठावर केसाळ वारारोधकाशिवाय केलेल्या मुद्रणात जो ‘खर्ज’ ऐकू येतो तो अनेकदा संगीताचा नसून वाऱ्याचा असतो.

कान, स्पीकर आणि अपेक्षा

मुद्रण निर्दोष असले तरी ते घरी ऐकताना खर्ज कमीच वाटतो. याचे कारण मानवी कर्णेंद्रियाच्या स्वभावात आहे. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कान सर्व वारंवारतांना सारख्या तीव्रतेने प्रतिसाद देत नाही, आणि हा फरक आवाजाच्या पातळीबरोबर बदलतो. २००३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणवक्रांनुसार, हळू पातळीवर, म्हणजे ४० फोनला, १०० हर्ट्झचा ध्वनी १००० हर्ट्झच्या ध्वनीइतका मोठा वाटण्यासाठी सुमारे २४ डेसिबल अधिक शक्तीचा असावा लागतो. ८० फोनला हा फरक सुमारे १२ डेसिबलवर येतो. रस्त्यावर कानाला सहज मिळालेला खर्ज दिवाणखान्यात निसटतो, तो यामुळे. त्यातही भ्रमणध्वनीच्या इवल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झचा मूळ स्वर बाहेर पडतच नाही; वरच्या स्वरांशांवरून मेंदू त्याचे अनुमान करतो.

येथेच मोहाची जागा आहे. घरी खर्ज कमी वाटतो म्हणून मुद्रणकार पुढच्या वेळी अधिक खर्ज भरतो आणि आवाज फाटतो. फाटल्यामुळे निर्माण झालेले वरचे स्वरांश छोट्या स्पीकरमधून चांगले ऐकू येतात आणि श्रोत्याला ‘दम आहे’ असे वाटते. विकृती हीच शक्तीची खूण ठरते. प्रत्यक्षात, ऐकण्याच्या वेळी पातळी व खर्ज वाढवणे हे श्रोत्याचे काम आहे. त्या कामाची तजवीज मुद्रणाच्या वेळी करणे म्हणजे प्रत्येक भावी श्रोत्यावर एकाच स्पीकरची मर्यादा लादणे होय.

प्रचलित मुद्रणांचे तीन प्रकार

वरील विवेचनाच्या आधारे या परिसरात आढळणाऱ्या मुद्रणांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार म्हणजे गर्दीतील श्रोत्याचे भ्रमणध्वनीवरील मुद्रण. यात पातळी आपोआप सांभाळली जाते. थाप पडताच यंत्र संपूर्ण आवाज खाली ओढते आणि थाप ओसरताच वर सोडते. त्यामुळे ताशा व झांज श्वास घेतल्यासारख्या खाली-वर होतात. हळू व मोठ्या वादनातील फरक सपाट होतो. पथकाने चढत नेलेला आवेग मुद्रणात चढतच नाही. असे असूनही या प्रकाराला एक गुण आहे. त्यात श्रोत्याची जागा, भोवतीचे उद्गार, प्रसंगाचा जिवंतपणा उतरतो. स्मरणिका म्हणून त्याचे मोल आहे. वादनाचा दस्तऐवज म्हणून नाही.

दुसरा प्रकार मंडळाने किंवा पथकाने करवून घेतलेल्या चित्रमुद्रणाचा. येथे साधने चांगली असतात, परंतु चित्र हा प्रधान हेतू असल्याने माईक कॅमेऱ्याबरोबर फिरतो. कॅमेरा ढोलाच्या जवळ गेला की खर्ज फुगतो, ध्वजाकडे वळला की वादन दुरावते. संकलनात अनेकदा मूळ आवाज काढून स्टुडिओतील ध्वनिफीत चढवली जाते. चित्रातील हात आणि ऐकू येणारी थाप यांचा संबंध तुटतो. या पथकाने काय वाजवले, हा प्रश्न अशा मुद्रणाला विचारता येत नाही.

तिसरा प्रकार स्टुडिओतील ढोल-ताशाचा. चित्रपटगीतांनी, विशेषतः अजय-अतुल यांच्या संगीताने, ढोल-ताशाला गेल्या दोन दशकांत सर्वदूर पोहोचवले, हे निर्विवाद आहे. मात्र नियंत्रित जागेत, थरावर थर चढवून घडवलेला हा नाद रस्त्यावरील नादाची प्रतिकृती नसून स्वतंत्र निर्मिती आहे. त्याच्यातील खर्ज नेटका, आटोपशीर व प्रत्येक थापेला एकसारखा असतो. दोष त्या निर्मितीत नाही. तिला रस्त्यावरील मुद्रणाचा मानदंड मानण्यात आहे. पन्नास वादकांच्या थापेतील सूक्ष्म मागे-पुढेपण हीच पथकाची ओळख असते. स्टुडिओच्या मापाने ती चूक ठरते.

या तिन्ही प्रकारांबाबत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, फाटलेला आवाज हाच त्या गर्दीचा खरा अनुभव आहे, त्याला स्वच्छ करणे म्हणजे त्याचा जीव काढणे. या मताशी सहमत होता येत नाही. रस्त्यावर कान बधिर होतो हे खरे. पण तो ताशा पुसून टाकत नाही. फाटणे हा मायक्रोफोनचा अनुभव आहे, श्रोत्याचा नव्हे. दुसरे मत असे की, खर्ज म्हणजे गोंगाट, तो सरसकट कापून टाकावा. त्याने ताशा स्वच्छ ऐकू येतो हे मान्य. परंतु थाप वगळलेला ढोल म्हणजे सम वगळलेला ताल. योग्य मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे : फाटण्याच्या जागेआधी खर्ज आवरता घ्यावा, किती आवरला याची नोंद ठेवावी आणि नंतर त्याच प्रमाणात तो परत द्यावा.

मुद्रण आणि आवाजाची मोजणी

या परिसरात मोठ्या आवाजाचा विचार कायद्याला वगळून करता येत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या व अन्य जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालात, ध्वनिक्षेपकाचा वापर हा धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग नाही, असे स्पष्ट करण्यात आले. वाद उपस्थित झाला की दोन्ही बाजू आपापली चित्रमुद्रणे पुढे करतात. ती आवाजाच्या पातळीबाबत काहीही सिद्ध करीत नाहीत. पातळी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रात ७० डेसिबलचे व १०० डेसिबलचे वादन जवळपास सारखेच उमटते. आणि फाटलेला आवाज मोठेपणाचा नव्हे, तर माईकच्या दुबळेपणाचा पुरावा असतो.

शिवाय नियमांतील मर्यादा ‘ए’ भारित डेसिबलमध्ये आहेत. या भारांकनात १०० हर्ट्झचा ध्वनी सुमारे १९ आणि ६३ हर्ट्झचा ध्वनी सुमारे २६ डेसिबलने कमी मोजला जातो. ज्या खर्जाने खिडक्यांची तावदाने थरथरतात तो आकड्यात पुरता उतरतच नाही. ‘सी’ भारांकनात ६३ हर्ट्झची ही घट एक डेसिबलहूनही कमी आहे. खर्जाचा उपद्रव व खर्जाचे सौंदर्य या दोहोंकडे आपली मोजमापे आणि आपली मुद्रणे सारखेच दुर्लक्ष करतात. तक्रारदार आणि वादक दोघांचेही म्हणणे त्यामुळे अर्धवटच नोंदवले जाते.

निष्कर्ष

१. ढोल-ताशाच्या वादनात खर्ज हा आशयाचा घटक आहे. टिपरू, थाप व ताशा एकाच वेळी वेगळे ऐकू येणे ही मुद्रणाच्या समीक्षेची पहिली कसोटी मानावी. खर्जाचे प्रमाण ही दुय्यम कसोटी होय.

२. आवरता घेतलेला खर्ज परत आणता येतो, फाटलेला आणता येत नाही. संशय असल्यास कमी पातळीवर मुद्रण करणे हाच विवेकी पर्याय आहे. २४ बिटांच्या मुद्रणात पातळी १५-२० डेसिबल खाली ठेवली तरी रस्त्यावरील गोंगाटाच्या तुलनेत यंत्राची खरखर नगण्य राहते.

३. आपोआप पातळी सांभाळणारी सोय दस्तऐवजी मुद्रणात बंद ठेवावी. जागेची निवड, माईकची उंची व वारारोधक यांना यंत्राच्या किमतीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

४. महाविद्यालये व सांस्कृतिक संस्था यांनी प्रत्येक मुद्रणासोबत तारीख, स्थळ, वाद्यांची संख्या, माईकचे अंतर व वापरलेली गाळणी यांची एका पानाची टिपण जोडावी. अशा टिपणाविना मुद्रण ऐकता येते, अभ्यासता येत नाही.

स्वागतयात्रेची परंपरा आता पाव शतकाहून जुनी झाली आहे. तिच्या आरंभीच्या वर्षांत ढोल वाजवणारे हात आज पुढील पिढीला शिकवीत आहेत, आणि ती पिढी गुरूच्या शेजारी उभी राहून जेवढे शिकते तेवढेच मुद्रणे ऐकूनही शिकते. मुद्रणात ताशा व टिपरू शाबूत राहिले आणि थाप फाटली, तर शिकणारा ताशा व टिपरू शिकेल. थापेच्या जागी केवळ जोर शिकेल. आज अनेक पथकांच्या वादनात जोर वाढत असून घुमारा कमी होत असल्याची जी कुजबुज जुन्या वादकांत ऐकू येते, तिची सर्व कारणे मुद्रणात शोधता येणार नाहीत. परंतु मुद्रण नीट झाले तर निदान त्या तक्रारीची शहानिशा करण्यासाठी पुढील अभ्यासकाच्या हाती काही साधन राहील.